धारहून निघालेलं वजन

आमच्या धंद्याचं नाव धर्मकाटा. ज्या धंद्याला नावातच धर्म घालून ठेवावा लागतो, तिथे काय काय चालत असेल हे चाणाक्ष वाचकांना सांगायला नको. मराठीत त्याला वजनकाटा म्हणतात, असं पुण्याच्या माझ्या मेव्हण्याने मला एकदा सुनावलं होतं. असेल. पण देवासला भोपाळ रस्त्यावर उभं राहून कुणाला 'वजनकाटा कुठे आहे' असं विचाराल, तर चहावालासुद्धा तुमच्याकडे संशयाने बघेल.

ज्यांनी काटा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. जमिनीलगत बसवलेला लांबरुंद लोखंडी ओटा असतो. त्यावर अख्खा ट्रक चढतो. शेजारच्या खोलीत खिडकीपाशी माणूस बसलेला असतो आणि त्याच्यासमोर आकडा उमटतो. ट्रक एकदा भरलेला तोलायचा, एकदा रिकामा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे माल. इतकं सरळ काम आहे. आणि या सरळ कामात जितक्या वाकड्या गोष्टी करता येतात, तितक्या मला वाटतं वकिलीतही करता येत नसतील.

सोनकच्छकडून येणाऱ्या सोयाबीनच्या ट्रॉल्यांवर रस्त्यात पाणी मारलेलं असायचं. वरचे दाणे वाऱ्याने कोरडे दिसत, पण कोपरापर्यंत हात घातला की आत गार लागे. भंगारवाल्यांची रीत वेगळी. भरलेला ट्रक तोलताना केबिनमध्ये एक जाडजूड मामा झोपलेला असे, आणि रिकामा ट्रक तोलायच्या वेळी त्या मामाला नेमकी चहाची तल्लफ येई. कुणी पाण्याचं पिंप भरून आणे आणि रिकाम्या तोलाआधी ते रस्त्यातच ओतून येई. मी खिडकीतून आकड्याआधी ट्रकच्या मागचा ओला पट्टा बघायचो. पाणी हा माझा जन्माचा शत्रू. पाण्याने फसवणाऱ्यांना मी आयुष्यभर पकडलं, हे जरा अभिमानानेच लिहितो.

अशा नोकरीत माणूस संशयी होणार नाही तर काय होईल? आमच्या सौभाग्यवती म्हणतात, "बघायला आलात तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघत नव्हतात, मी पाटावर बसल्यावर पाट किती वाकतो ते बघत होतात." तसं काही नव्हतं. पण पाट वाकला होता हे मला आठवतं.

एकदा मात्र या संशयाने मला तोंडघशी पाडलं. कन्नौदच्या एका व्यापाऱ्याचा गहू आमच्या काट्यावर दर खेपेला कमी भरे. तिकडच्या काट्यावर जास्त, इकडे कमी. साहजिकच सगळ्यांचं बोट ड्रायव्हरकडे. माझंही. ड्रायव्हर गरीब, बोलायला अडखळणारा. अडखळणारा माणूस खोटं बोलतोय असं आपल्याला उगीचच वाटतं. त्याची नोकरी गेली. पुढे कुणीतरी तिकडचा काटा तपासला, तेव्हा कळलं की पावसाळ्यात ओट्यावर साचलेला चिखल कुणी काढतच नव्हतं आणि आकडाही शून्यावर आणत नव्हतं, रिकाम्या ट्रकचं वजन तर जुन्या पावतीवरचंच धरत होते. दर ट्रकबरोबर तोच चिखल गव्हाच्या भावाने तोलला जात होता. चोर कुणीच नव्हता. कधीकधी चोर कुणीच नसतो, ही गोष्ट आमच्या धंद्यात शिकायला फार वेळ लागतो.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की सबनीसांच्या गाडीची गोष्ट सांगायची आहे. नावं अर्थात बदलली आहेत.

धारचे सबनीस म्हणजे एके काळचे दरबारचे कारभारी. त्यांच्यातले अप्पासाहेब इंजिनियर होऊन अमेरिकेला गेले आणि परतताना तिथली गाडी जहाजात घालून घेऊन आले. दोन दारांची, आठ सिलिंडरची, बोनेटच एवढं लांब की त्यावर चार माणसांनी पत्त्यांचा डाव मांडावा. अमेरिकेत तरुण पोरं असल्या गाड्या घेऊन शर्यती लावत म्हणे. दंडाच्या बेटकुळ्या फुगवून दाखवणारा पैलवान असतो, तशी ती गाडी. धारमध्ये तिचं नाव पडलं भुरी म्हैस, कारण रंग भुरा होता आणि ती आली की बाकीच्यांनी रस्ता सोडायचा असे.

अप्पासाहेब गेले. मुलगा मुकुंदराव धारला राहिला, मुलगी शैलाताई लग्न होऊन देवासला आली. इथल्या शाळेत ती शिकवायची. आई, म्हणजे माई, शेवटी शेवटी काही महिने मुलाकडे आणि काही महिने मुलीकडे असत. येणंजाणं या म्हशीतूनच. दुसऱ्या गाडीत त्यांना मळमळायचं. अशाच एका खेपेनंतर माईंचा दागिन्यांचा डबा दिसेनासा झाला. पुतळ्यांची माळ, गोठ, तोडे, सासूकडून आलेलं सगळं त्यात होतं. मुकुंदराव म्हणाले, डबा धारहून निघाला, मी स्वतः गाडीत ठेवला. शैलाताई म्हणाल्या, डबा देवासला पोचलाच नाही. माईंना विचारावं तर त्यांची स्मृती तोवर गेलेली. त्या दोघांनाही 'आपण कोण?' असं विचारायच्या. मग माईही गेल्या.

भांडण असं कधी झालं नाही. सबनीसांकडे भांडत नाहीत, बोलणं थांबवतात. दसऱ्याला बहिणीकडे सोनं द्यायला जायची रीत मुकुंदरावांनी बंद केली. आपट्याची पानं हातावर ठेवून 'सोनं घ्या' म्हणायचं आणि समोरच्याने मनात काय ऐकायचं? देवासात आम्हा मराठी मंडळींची घरं मोजकी. त्या घरी सोनं द्यायला येणारा भाऊ बंद झाला हे सगळ्यांना ठाऊक होतं. गाडी धारच्या मोटारखान्यात पडून राहिली.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी इंदूरच्या एका शेठना या म्हशीचा सुगावा लागला. त्यांना जुन्या गाड्या जमवायचा शौक. खिशात दोरीला बांधलेलं लोहचुंबक घेऊन हिंडत. पत्र्यावर कुठे लांबी, म्हणजे पुटी, भरलेली आहे ते चुंबक चिकटतं की नाही यावरून बघत. माझ्याइतकाच संशयी माणूस मी प्रथमच पाहिला. त्यांच्याकडे त्या गाडीची माहिती देणारं कंपनीचं पुस्तक होतं, त्यात वजन साडेपंधरा क्विंटल दिलेलं. म्हणाले, आधी काट्यावर चढवा. दोन गाड्यांचे तुकडे जोडून केलेली गाडी असेल तर वजनच चुगली करतं.

गाडी दोघांच्या मालकीची, म्हणून दोघंही हजर. मुकुंदरावांचा देवासच्या काट्यावर विश्वास नाही, शैलाताईंचा धारच्या काट्यावर नाही. शेवटी ठरलं की धारला तोलायची, ट्रॉल्यावर घालून आणायची आणि देवासला पुन्हा तोलायची. पावसाळा नुकताच सरला होता. रविवार असल्यामुळे ट्रक कमी होते. म्हैस ट्रॉल्यावरून उतरवून ढकलत ओट्यावर आणली, आणि आकडा आला साडेअठरा क्विंटलच्या घरात.

शेठनी पुस्तक उघडलं, आकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "काका, काँटा तो सही है ना?"

"दर वर्षी सरकारी वजनं ठेवून तपासतात. शिक्का बघून घ्या."

मुकुंदरावांनी धारची पावती काढली. तिथेही तेवढंच. मी आपलं सहज बोलून गेलो, "म्हणजे धारहून जेवढं निघालं, तेवढंच देवासला पोचलं."

बोललो आणि जीभ चावली. बहीणभाऊ दोघंही एकाच वेळी दुसरीकडे बघायला लागले.

आता जुन्या गाडीचं वजन मालकाच्या कल्पनेपेक्षा जास्त का निघतं, हे सांगतो. काट्यावर बसून ही गंमत मी पुष्कळदा पाहिली आहे. पहिलं म्हणजे, पुस्तकातलं वजन हे वधूपरीक्षेच्या फोटोसारखं असतं. सगळ्यात लहान इंजिन, टाकी जवळजवळ कोरडी, जादा साज काही नाही, अशा गाडीचं ते वजन. प्रत्यक्षात मालकाने घेतलेली असते मोठ्या इंजिनाची, थंड हवेच्या यंत्राची. त्या काळचं इंजिन म्हणजे बिडाचा गोळा. दोघा पैलवानांना हलायचा नाही. दुसरं म्हणजे गाडी आपल्या देशात आली की तिला आपली हवा लागते. टपावर कॅरियर, पुढे लोखंडी गार्ड, रस्ते खराब म्हणून कमानीत, म्हणजे स्प्रिंगमध्ये, जास्तीचे पाटे. आणि तिसरं, जे मालकाला कधीच दिसत नाही, ते म्हणजे दुरुस्ती. गंजलेला पत्रा कापून काढायचा आळस, म्हणून त्यावरच दुसरा पत्रा. त्याच्यावर लांबी, लांबीवर रंग. खालून डांबर. दर दुरुस्तीत गाडी अंगात आणखी एक सदरा चढवते आणि आतला कधी काढत नाही. मालक मात्र ती तरुणपणी होती तेवढीच आहे असं धरून चालतो, जसं आपण स्वतःबद्दल धरतो.

हे मी त्या तिघांना तिथेच सांगितलं. पण ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. शेठ म्हणाले, "एक-एक चीज खोल के दिखाओ, तभी सौदा." आणि मग जे झालं ते आधी मला कळलंच नाही.

शैलाताई पाणी प्यायच्या निमित्ताने माझ्या खोलीत आल्या. भैयाचं इकडे भिया होतं, तशी हाक मारून हळूच म्हणाल्या, "भिया, मी तर कधी बोलले नाही कुणाला. पण माईंचा डबा गाडीतच कुठे सरकला असेल तर? सीटच्या खाली, पत्र्याच्या मधे... इतकं वजन उगीच थोडी येतं?"

"ताई, तीन क्विंटल सोनं असतं तर तुम्ही अर्धं धार विकत घेतलं असतं."

"मला समजतं हो. तीन क्विंटल नाही म्हणत मी. त्यातलं थोडंसं." मग दाराकडे बघून म्हणाल्या, "खोलताना तुम्ही जरा दादावर नजर ठेवा हं. मी काही म्हणत नाही, पण ठेवा."

त्या गेल्या आणि थोड्या वेळाने मुकुंदराव आले. त्यांची मराठी जुन्या घराण्यातली, दरबारी वळणाची. "आपणांस एक विनंती होती. मातुःश्रींचा एक ऐवज त्या वाहनात राहिला असण्याचा संभव आहे. सांप्रत काही निष्पन्न झालं तर प्रथम आपल्या दृष्टीस पडावं. शैलाकडे मात्र लक्ष असू द्यावं."

मी दोघांनाही हो म्हटलं. आयुष्यभर फुकट केलेलं काम या दोघांनी आपण होऊन माझ्यावर सोपवलं होतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की प्रश्न गाडीच्या विक्रीचा राहिलेलाच नाही. डबा गाडीत सापडला, तर इतकी वर्षं भाऊही चोर नव्हता आणि बहीणही नव्हती. नाही सापडला, तर दोघांपैकी एक होता. ही शेवटची जागा होती जिथे दोघंही निर्दोष निघू शकत होते.

जवळच्या गॅरेजचा रमेश मिस्त्री आला. ट्रकचा मोठा काटा पाच-पाच किलोंच्या उड्या मारतो. त्याला बारीकसारीक कळत नाही. म्हणून मी शेजारच्या गोदामातून धान्याची पोती तोलायचा लहान काटा आणवला. मिस्त्री एकेक वस्तू काढी, मी तोले, आणि ती बाजूच्या ढिगात जाई. कॅरियर गेलं. गार्ड गेला. दुसरी बॅटरी निघाली, कधीच मेलेली. कमानीतले जादा पाटे निघाले. सीटांचा काथ्या ओल पिऊन भिजल्या गोधडीइतका जड झालेला. डिकीत दोन जादा चाकं आणि एक वाळूचं पोतं, वर्षानुवर्षं बसून दगड झालेलं.

"हे कशाला?" शेठनी विचारलं.

"मांडवच्या घाटात गाडी मागून उडायची," मुकुंदराव म्हणाले. "पुढं इंजिन जड, मागं हलकी. माईंना त्रास व्हायचा. म्हणून अप्पासाहेबांनी ठेवलं होतं."

"अन् निघताना मी डिकीत त्याच्यावर बसून रडायचे, मला पुढे बसायचंय म्हणून," शैलाताई म्हणाल्या. पुष्कळ वर्षांत भावाच्या बोलण्याला जोडून त्या प्रथमच बोलल्या असाव्यात.

मिस्त्रीने तळाचं डांबर खरवडून एका परातीएवढ्या जागेचं तोललं आणि त्यावरून सगळ्याचा अंदाज काढला. पत्र्यावर पत्रे चढवलेले दिसत होते, त्यांचाही तसाच हिशेब. चुंबक लावून शेठनी लांबीचे भाग दाखवले. मिस्त्री कपाळ पुसत म्हणाला, "भिया, या गाडी नी, कांदो हे. छोलता जाव ने रोता जाव." म्हणजे सोलत जा आणि रडत जा.

एकेक ढीग वाढे, तसा तीन क्विंटलांचा आकडा खाली उतरे, आणि त्याबरोबर त्या दोघांचे चेहरेही.

मग मिस्त्रीने मागच्या सीटखाली, चाकाच्या कमानीमागच्या पोकळीत हात घातला आणि थांबला. "कई तो डब्बो हे." हात बाहेर आला तो एक पितळी डबा घेऊन. काळा पडलेला, कडीचा.

इथे मला माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. पाणी मारलेल्या ट्रॉलीत मी हात घालतो, तेव्हा मी दाण्यांकडे बघत नाही, माणसाकडे बघतो. ज्याने काही केलेलं नसतं तो माझ्या हाताकडे बघत राहतो. ज्याने केलेलं असतं तो माझं तोंड बघतो, बरोबरच्याचं बघतो, रस्ता बघतो. यात माझी चूक क्वचितच झाली असेल. म्हणून डबा निघाला तेव्हा मी डबा बघितलाच नाही. एकदा मुकुंदरावांकडे पाहिलं, एकदा शैलाताईंकडे. दोघंही डब्याकडे बघत होते. एकमेकांच्या अस्तित्वाची दोघांनाही शुद्ध नव्हती. मुकुंदरावांचे ओठ हलत होते, आणि शैलाताईंनी पदराचं टोक दोन्ही हातांनी धरून छातीशी घेतलं होतं. चोरी केलेला माणूस असा डब्याकडे बघत नाही. डब्यात काही नाही हे त्याला माहीत असतं.

मला त्या क्षणी कळलं की यांच्यापैकी कुणीच घेतलेलं नाही. आणि मला फार वाईट वाटलं, कारण ही काही पावतीवर छापून देता येण्यासारखी गोष्ट नव्हती.

डब्यात बल्ब निघाले, फ्यूज निघाले, आणि अप्पासाहेबांनी जपून ठेवलेली अमेरिकेतली एक गंजकी की-चेन. दागिन्यांचा डबा तो नव्हेच. शैलाताईंनी लांबूनच ओळखलं. "हा तर पोह्यांचा डबा होता, दादा. वरच्या फळीवरचा."

"होय," मुकुंदराव म्हणाले. "माझ्याही ध्यानात आलं."

हिशेब संपत आला. वीस-बावीस किलो उरले होते जे कशातच बसत नव्हते. मी स्पष्ट सांगितलं की डांबर-पत्र्याचा अंदाजच आहे, काट्याच्या उड्या आहेत, वीस किलो इकडचे तिकडे होणारच. कुणी ऐकलं नाही. दोघांनीही फक्त एवढंच ऐकलं की वीस किलो सापडत नाहीत.

उघडायची राहिलेली जागा एकच होती. दाराखाली, आत पाय टाकताना जी पायरी लागते, ती आतून पोकळ पेटीसारखी असते, दोन्ही बाजूंनी बंद. वरून तिला रबरी बुचाचं एक भोक असतं. मिस्त्रीने ग्राइंडर आणायला माणूस पाठवला. शेठ हात झाडून म्हणाले, "यह काट दिया तो मैं नहीं लूँगा. फिर कबाड़ है."

ग्राइंडर यायला वेळ होता. ते तिघं चहाच्या टपरीकडे गेले. मी बूच काढून एक तार आत घातली. माझी सवय, मला राहवत नाही. तार मऊ जागेत रुतली, आणि बाहेर आली तेव्हा तिच्या टोकाला ओला काळा चिखल होता, मोटारखान्याच्या जमिनीचा वास येणारा. पावसाळे झिरपून झिरपून पेटी भरली होती. मिस्त्रीने तार पाहिली, मी मिस्त्रीकडे पाहिलं. मी तार पुसली आणि बूच लावून टाकलं.

ग्राइंडर आला. मिस्त्रीने तारा जोडल्या. त्याने चष्मा चढवला तेव्हा शैलाताई म्हणाल्या, "थांबा एक मिनिट."

मग भावाकडे न बघता म्हणाल्या, "दादा, कापून बघितलं आणि नसलं, तर?"

मुकुंदराव पायरीकडे बघत होते. मग पुढे झाले, वाकले, आणि त्या पायरीवर तळहात ठेवला. "इथेच आहे," म्हणाले. "सरकून आत गेला असणार. माई उतरताना नेहमी इथे पिशवी टेकवायच्या."

"हो," शैलाताई म्हणाल्या. "टेकवायच्या. मला आठवतं."

"मग कशाला उघडायचं?"

"नकोच."

शेठ चिडले. हे सगळं आधीपासून ठरलेलं नाटक आहे, भाव वाढवायची युक्ती आहे, असं म्हणून निघून गेले. इंदूरमध्ये ते अजून सांगत असतात की देवासच्या काट्यावर भरवसा ठेवू नका. मुकुंदरावांनी मिस्त्रीला सगळं होतं तसं परत बसवायला सांगितलं, वाळूच्या पोत्यासकट. पायरीत काय आहे असं मला कुणी विचारलं असतं तर मी खोटं बोललो नसतो. पण मला कुणी विचारलं नाही.

त्या दसऱ्याला म्हैस धारहून देवासला आली, या वेळी राहायला. मिस्त्रीने इंजिन चालू करून दिलं होतं, मुकुंदराव स्वतः चालवत घेऊन आले. गाडीतून उतरून त्यांनी आपट्याची पानं आधी पायरीवर ठेवली, मग बहिणीच्या हातावर. मी तिथे होतो. मलाही दोन पानं मिळाली. ठरलं असं की दसऱ्याला गाडी इकडे यायची आणि अक्षय तृतीयेला तिकडे जायची, माई असत तशी.

आणि दर खेपेला आमच्या काट्यावर तोलून. हा हट्ट मुकुंदरावांचा. टाकी रिकामी, आत माणूस नाही, मग तोल. आता मी घरी बसलोय, काट्यावर कॅमेरे लागलेत, पण या एका गाडीसाठी मला बोलावणं येतं. डबा तिथेच आहे याची ती खातरी. बहिणीवर विश्वास बसला होता हे खरं, पण पावती हातात असलेली बरी, असा तो विश्वास. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. मीही तसाच आहे.

त्यानंतरची पहिली अक्षय तृतीया जवळ आली आणि माझी झोप उडाली. कारण चिखल. दसऱ्याला तोलला तेव्हा तो पावसाळ्याने चिंब होता. हिवाळा गेला, मग चैत्र-वैशाखाचं ऊन. शैलाताईंच्या पत्र्याच्या शेडमध्ये म्हैस दिवसभर तापत होती. चिखल वाळला असणार. दहा-पंधरा किलो तरी उडून गेले असणार. मुकुंदराव दोन पावत्या शेजारी-शेजारी धरतील, आणि धारहून जेवढं आलं तेवढं देवासहून परत निघालं नाही, असं होईल. बहीण पुन्हा चोर.

सौ.ना सांगितलं, तर म्हणाल्या, "अहो, मग घाला की थोडं पाणी." मी म्हटलं, मी? पाणी? आयुष्यभर ज्या पाण्यामागे लागलो तेच? त्या म्हणाल्या, "बादली नका नेऊ, झाकणाचा कॅन न्या. लोक बघतात."

अक्षय तृतीयेला सकाळीच पोचलो. मुकुंदराव यायचे होते. शेड उघडंच होतं. कॅन खाली ठेवला, बूच काढलं, बोट घातलं.

बोट ओलं निघालं. वरपर्यंत ओलं. चिखल गार होता, त्यातल्या पाण्यावर उजेड चमकत होता.

मागे वळलो तर दारात शैलाताई. हातात झाडांना पाणी घालायची झारी. माझ्या कॅनकडे त्यांनी पाहिलं, त्यांच्या झारीकडे मी पाहिलं.

"तुळशीला घालत होते," त्या म्हणाल्या.

"घाला, घाला. ऊन फार आहे," मी म्हणालो, आणि कॅन पायाने गाडीखाली सरकवला.

म्हणजे यांना चिखलाचं माहीत होतं. कधीपासून, ते मी विचारलं नाही. एवढ्यात मुकुंदराव आले. गाडी बघतो, बॅटरी बघतो, असं म्हणून शेडमध्ये गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. चहा थंड झाला. बाहेर आले तेव्हा घाम पुसत होते, हातात रिकामी पाण्याची बाटली होती. "इंजिनात पाणी घातलं," म्हणाले.

म्हैस काट्यावर चढली. मी खिडकीत बसलो. मुकुंदरावांनी दसऱ्याची पावती काढून हातात धरली. शैलाताई त्यांच्या शेजारी उभ्या. आकडा स्थिरावला. दसऱ्यापेक्षा पाच किलो जास्त.

भर उन्हाळ्यात वजन वाढलेली गाडी मी जन्मात पाहिली नव्हती. अशा आकड्यावर मी ट्रकवाल्यांना खाली उतरवून तासन् तास उभं केलेलं आहे. पावती छापून मी खिडकीतून बाहेर दिली.

मुकुंदरावांनी जुनी आणि नवी शेजारी धरल्या. पाव किलोसाठी भाजीवाल्याशी वाद घालणारा माणूस. दोन्ही नीट वाचल्या, घडी केली, खिशात ठेवल्या.

"बरोबर आहे," ते बहिणीला म्हणाले.